सरासरीने ठणठणीत

वजन-मापे तपासणी कार्यालयात एका सोमवारी परिपत्रक आलं आणि मोठ्या तपासनीसांच्या गुडघ्याचे दिवस फिरले. तसा गुडघ्याचा आणि परिपत्रकाचा काही संबंध नव्हता. पण परिपत्रकांचं असंच असतं. ज्याचा काही संबंध नाही, नेमकं त्यालाच ती आधी लागू होतात.

त्याचं झालं असं होतं, की मागच्या वर्षी वरिष्ठ कचेरीने सर्व कर्मचाऱ्यांना रोजचा व्यायाम सक्तीचा केला होता. कर्मचारी आज्ञाधारक. त्यांनी उड्या मारल्या, जोर काढले, दोरीवरून उडताना एकमेकांच्या पायात पाय अडकवले. वर्ष सरता सरता कोणाची कंबर धरली, कोणाचा खांदा उतरला, आणि जन्मदाखले देणारं एक अख्खं कार्यालय आजारी रजेवर गेल्यामुळे गावात काही काळ कोणी अधिकृतपणे जन्मलंच नाही. मग तज्ज्ञ बसले. शरीराला व्यायाम हवा तशी विश्रांतीही हवी, झालेली झीज विश्रांतीतच भरून येते, असं त्यांनी एकमताने सांगितलं. मुद्दा अगदी खरा होता. पण खरा मुद्दा वरून खाली येईपर्यंत फार जणांच्या हातांतून जातो, आणि प्रत्येक जण त्याला थोडा थोडा सरळ करतो. खाली पोचला तेव्हा तो असा झाला होता : 'प्रत्येक कार्यालयात व्यायाम व विश्रांती यांचे प्रमाण समसमान राहील याची कार्यालयप्रमुखांनी दक्षता घ्यावी. उत्तम प्रमाण राखणाऱ्या कार्यालयास ढाल देऊन गौरविण्यात येईल.'

मोठे तपासनीस ते वाचून मनातल्या मनात खूश झाले. त्यांचा गुडघा जुना होता आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हेच सांगितलं होतं : एक दिवस चाला, एक दिवस बसा. ते तसंच वागत. चालायच्या दिवशी नदीच्या पुलापर्यंत जात, बसायच्या दिवशी बायकोने कितीही पिशव्या पुढे केल्या तरी बाजारात जात नसत. गुडघा सांभाळायला कारणही तसंच होतं. लांब राहणारी त्यांची मुलगी सुट्टीत येणार होती आणि तिची लेक आता बोलायला लागली होती. "आबा, घोडा!" एवढंच ती फोनवर म्हणायची, आणि आबा फोनवरच खिंकाळायचे.

"नुसतं खिंकाळून भागायचं नाही," बायको म्हणायची. "चार पायांवर यावं लागेल. त्यातला एक तरी धड ठेवा."

मोठे तपासनीस हे कार्यालयातले सर्वांत जुने आणि सर्वांत कडक गृहस्थ. दुकानदाराचं वजन नुसतं तळहातावर घेतलं, की ते खरं की पोकळ हे ते डोळे मिटून सांगत. ते बाजारात शिरले की निम्मी दुकानं घाईघाईने 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावत, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. इतक्या वर्षांच्या नोकरीचं फळ म्हणून त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली होती. या जागेचा त्यांना फार अभिमान होता.

साहेबांनी दुपारी बैठक बोलावली. साहेबांची सगळी हयात तराजूंमध्ये गेली होती, त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट दोन पारड्यांत ठेवल्याशिवाय त्यांना दिसत नसे.

"परिपत्रक स्पष्ट आहे," ते म्हणाले. "दोन्ही सारखं हवं. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तराजूच्या एका पारड्यात माल असतो, दुसऱ्यात वजन. माल आणि वजन एकाच पारड्यात ठेवणारा दुकानदार कोणी पाहिलाय?"

कोणीच पाहिला नव्हता.

"मग व्यायाम आणि विश्रांती एकाच माणसात कोंबायची, हे मला पटत नाही. निम्म्यांनी व्यायाम करावा, निम्म्यांनी विश्रांती घ्यावी. कार्यालयाची बेरीज सारखी."

मोठ्या तपासनीसांनी हात वर केला. "साहेब, पण ज्याने व्यायाम केला, विश्रांतीही त्यालाच लागते ना? माझे डॉक्टर सांगतात, एक दिवस चाला, एक दिवस बसा."

"ते व्यक्तिगत झालं," साहेब शांतपणे म्हणाले. "हे कार्यालयीन आहे."

वाटणी शास्त्रीय पद्धतीने झाली. खिडकीकडच्या रांगेला मोकळी हवा मिळते, म्हणून तिने व्यायाम करायचा. भिंतीकडच्या रांगेला डोकं टेकता येतं, म्हणून तिने विश्रांती घ्यायची. साहेबांच्या खोलीला चारही बाजूंनी भिंती असल्यामुळे त्यांनी मोठ्या मनाने विश्रांतीची जबाबदारी स्वीकारली.

भिंतीकडच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात, धाकटा तपासनीस बसायचा. हा मुलगा नोकरीत नवा होता आणि खुर्चीत त्याहून नवा. सायकलवरून यायचा, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचा, आणि बसला तरी त्याचा पाय टेबलाखाली असा हलत राहायचा की शेजारच्याचा चहा कपात उसळायचा. गावातल्या धावण्याच्या मोठ्या शर्यतीत त्याला उतरायचं होतं. तो कळवळून म्हणाला, "साहेब, मला दिवसभर पडून राहायला लावलंत तर मी वेडा होईन."

"पडून राहण्याबद्दल आदेश आहे," साहेब म्हणाले. "वेडं होण्याबद्दल त्यात काही नाही."

काम पक्कं व्हावं म्हणून साहेबांनी दालनाच्या मधोमध धान्याच्या वखारीतून जप्त करून आणलेला भला मोठा तराजू टांगला. खिडकीवाल्याने जिन्याची एक फेरी मारली की शिपायाने डाव्या पारड्यात एक वजन टाकायचं. भिंतीवाल्याने एक डुलकी घेतली की उजव्या पारड्यात एक वजन. संध्याकाळी काटा मध्यावर आला की सगळ्यांनी घरी जायचं. कार्यालयाच्या मूळ कामाचं काय, असा प्रश्न पहिल्या दिवशी कोणीतरी विचारला होता. दुसऱ्या दिवसापासून विचारणारा जिन्यावर होता, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

विश्रांती गटात खरी चमकली ती आवक-जावक बाईंची कर्तबगारी. बाई इतकी वर्षं टपाल सांभाळत होत्या, पण त्यांचा पिंड कशाचा आहे हे आत्ता कळलं. विश्रांतीसाठी भिंतीकडे मांडलेल्या खाटेवर त्या आडव्या झाल्या की पंख्याचं पहिलं चक्र पुरं होण्याआधी घोरू लागत. शिपाई उजव्या पारड्यात वजन टाकायचा, टाकतच राहायचा.

"तपासनीससाहेब, काटा उजवीकडे गेलाय," तो जिन्याच्या तोंडाशी येऊन सांगायचा. "बाईंना आज चांगलीच लागलीय. तुम्ही तेवढ्या चार फेऱ्या मारून या."

"अरे, मी आत्ताच तर आलो!"

"तुम्ही आलात तेव्हा त्या जाग्या होत्या."

मोठे तपासनीस कठडा धरून निघायचे. ते परत येईपर्यंत इकडे धाकट्याला पडल्या पडल्या असह्य होऊन तो हवेत सायकल चालवू लागलेला असायचा. ती हालचाल शिपाई प्रामाणिकपणे व्यायामाच्या पारड्यात टाकायचा, काटा डावीकडे झुकायचा, आणि साहेब बाईंना विनंती करायचे, "बाई, कार्यालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे, अजून थोडं झोपा." बाई कर्तव्याला कधी चुकल्या नाहीत. त्या झोपायच्या, आणि जराशा जास्तच झोपायच्या. मग शिपाई पुन्हा जिन्याच्या तोंडाशी यायचा.

एकदा फेरी संपवून आल्यावर मोठ्या तपासनीसांनी पारड्याजवळ दम खाताना सहज डाव्या बाजूचं एक वजन उचललं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी दुसरं उचललं. मग तिसरं.

"साहेब! ही वजनं पोकळ आहेत. मी स्वतः जप्त केलेली आहेत ही. उजवीकडची तेवढी आपली प्रमाणित वजनं. मी दोन फेऱ्या मारतो तेव्हा एक धरली जातेय!"

साहेबांनी चष्मा पुसला. "वजनावर आकडा कोरलेला आहे का?"

"आहे, पण खोटा आहे."

"आकडा आहे ना? मग झालं. पोकळ म्हणून टाकून दिली तर सरकारी मालमत्ता वाया घालवल्यासारखं होईल. ती उपयोगात आणली, याबद्दल खरं तर आपलं कौतुक व्हायला हवं."

गुडघा सुजला. आधी तो नुसता दुखायचा, मग कुरकुरू लागला, शेवटी त्याने दुमडायलाच साफ नकार दिला. रात्री बायको शेक द्यायला बसायची आणि साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. मुलीचा फोन आला. पलीकडून नात "आबा, घोडा!" म्हणाली तेव्हा आबांच्या तोंडून खिंकाळण्याऐवजी नुसतंच कण्हणं बाहेर पडलं. त्यांना खरंच रडू आलं, आणि त्यांनी ते गुडघ्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर त्यांच्या मागे पाहत म्हणाले, "जोडीदार कुठाय?"

"कसला जोडीदार?"

"व्यायामवाला एकटा तपासायचा नाही, असं तुमच्या साहेबांनी कळवलंय. त्याच्याबरोबर विश्रांतीवाला हवा. नाहीतर निदान एकांगी होतं."

म्हणून धाकट्याला बोलावलं. तो भिंत धरून आला. सतत पडून राहून त्याची पाठ लाकडासारखी झाली होती आणि पायांतलं बळ गेलं होतं. डॉक्टरांनी दोघांना एकाच बाकावर बसवलं, एका हाताने याची आणि दुसऱ्या हाताने त्याची नाडी धरली आणि बराच वेळ छताकडे पाहिलं.

"यांची नाडी फार जलद आहे, याची फार मंद. सरासरी काढली तर अगदी आदर्श. यांचा एक गुडघा सुजलाय, पण याच्या मांड्या सुकल्यात. म्हणजे सूजही भरून निघाली." त्यांनी दोघांच्या खांद्यांवर कौतुकाने थोपटलं. "अभिनंदन! तुम्हा दोघांना मिळून काहीही झालेलं नाही."

बाहेर पडल्यावर दोघे दवाखान्याच्या पायरीवर बसले. एकाला उठवत नव्हतं आणि दुसऱ्याला बसवत नव्हतं.

"काका," धाकटा म्हणाला, "आपण जागा बदलू या. तुम्ही भिंतीकडे या, मी खिडकीकडे जातो. मला धावायला मिळेल, तुमचा गुडघा उतरेल. आणि मग आळीपाळीने. एक दिवस तुम्ही, एक दिवस मी."

मोठ्या तपासनीसांनी त्याचा हात हातात घेतला. एवढ्या सगळ्या तज्ज्ञांना जे जमलं नव्हतं ते या पोराने पायरीवर बसून सांगितलं होतं. "शब्द देतो तुला," ते गहिवरून म्हणाले. "गुडघा उतरला की लगेच. एक दिवस तू, एक दिवस मी."

साहेबांनी हरकत घेतली नाही. बेरीज तीच राहत असेल तर कोण कुठे, हा तपशील आहे, असं त्यांचं मत पडलं.

भिंतीकडची हवा मोठ्या तपासनीसांना मानवली. पहिले काही दिवस त्यांना ओशाळल्यासारखं झालं. जिन्यावर पावलं वाजली की ते डोळे उघडायचे. मग डोळे मिटूनही पावलं ऐकता येतात हे त्यांच्या लक्षात आलं. मग ती ऐकू येईनाशी झाली. गुडघ्याची सूज उतरली, तो दुमडू लागला, कुरकुरायचा थांबला. ज्या दिवशी तो पूर्ण बरा झाला त्या दिवशी मोठ्या तपासनीसांनी खाटेवरच त्याला दोन-तीनदा दुमडून पाहिलं, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि तो पुन्हा चादरीखाली घेतला.

तिकडे धाकटा सुरुवातीला हरिणासारखा धावला. चार दिवस त्याच्याइतका सुखी माणूस गावात नव्हता. पण आता उजवीकडे बाईंच्या जोडीला मोठे तपासनीसही घोरत होते आणि डावीकडची वजनं पोकळच होती. धाकटा धावायचा, परत यायचा, काट्याकडे बघायचा आणि पुन्हा जिन्याकडे वळायचा. शर्यतीच्या दिवशी त्याच्या पिंढऱ्यांत असे गोळे आले, की सुरुवातीच्या रेषेपर्यंत त्याला सायकलवरून ढकलत न्यावं लागलं आणि तिथूनच परत आणावं लागलं.

सोमवारी तो खाटेपाशी येऊन उभा राहिला. "काका, गुडघा उतरला ना? आता आळीपाळीने करायचं ठरलं होतं."

"उतरलाय तसा," मोठे तपासनीस कुशीवर वळत म्हणाले, "पण आतून अजून पक्का नाही. आणि तुला घाई कसली एवढी? तुझं धावायचं वय आहे. आमच्या वेळी आम्हाला असा जिना मिळाला असता तर!"

"निदान त्या वजनांचं तरी साहेबांना पुन्हा सांगा. पोकळ आहेत ती. तुमचा हात कोणी खोटा ठरवू शकत नाही." आणि त्याने एक वजन आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

शिपाई थांबला. बाईंनीसुद्धा, बहुधा नोकरीत पहिल्यांदाच, आपणहून डोळे उघडले. मोठ्या तपासनीसांनी डोळे मिटून वजन तोललं. ते पिसासारखं हलकं होतं. उजव्या पारड्यातली आपली दुपारची झोप त्यांच्या डोळ्यांसमोर आली, मऊ उशी आली, खाटेशेजारचा चहा आला.

"ठीक वाटतंय," ते म्हणाले.

"काका! तुम्ही शब्द दिला होता मला!"

"ते व्यक्तिगत झालं," मोठ्या तपासनीसांनी उशी सारखी केली. "हे कार्यालयीन आहे."

महिनाअखेरीस वरिष्ठांची समिती आली. तिने तराजूभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखी फेरी मारली. काटा मध्यावर असा उभा होता, की जणू खिळाच मारलेला असावा. समितीतल्या एकाने, कुठे खिळा मारला आहे का, हे हात फिरवून तपासलंही. ढाल जाहीर झाली. दोन शब्द बोलायला सर्वांत जुने कर्मचारी म्हणून मोठ्या तपासनीसांना उभं केलं. व्यायामाशिवाय विश्रांतीला चव नाही, तरुणांनी अंग मोडून घाम गाळावा, मी हे अनुभवातून सांगतोय, असं ते फार तळमळीने बोलले. फक्त मधे दोनदा दम लागल्यामुळे त्यांना बसावं लागलं. साहेब म्हणाले की ही पद्धत आता कार्यालयापुरती ठेवायची नाही, घराघरांत न्यायची. समितीने मान डोलावली. धाकटा टाळ्या वाजवायला हजर नव्हता, कारण एवढ्या लोकांच्या बसण्याची भरपाई जिन्यावर चालू होती.

आणि मग सुट्टी लागली, मुलगी आली, नात आली. दारातूनच ती दुडदुडत आत शिरली आणि आबांच्या आरामखुर्चीला धरून म्हणाली, "आबा, घोडा!"

याच क्षणासाठी मोठ्या तपासनीसांनी सगळं केलं होतं. ते हसत खाली उतरले. गुडघा उत्तम दुमडला, जराही कुरकुरला नाही. पण बाकीचं शरीर गुडघ्याबरोबर आलं नाही. पोट आधी जमिनीला लागलं, मग हात थरथरले, आणि नातीने पाठीवर पाय टाकताच घोडा जागीच पालथा झाला. ते तसेच पडून फुसफुसत राहिले. नातीला वाटलं, हा दुसराच कुठला तरी प्राणी आहे. तिने भोकाड पसरलं.

"आणि म्हणे गुडघा जपला," बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. ती सकाळपासून धावतच होती. सुट्टीचं घर म्हणजे पाणी, अंथरुणं, स्वयंपाक, पाहुण्यांची ऊठबस, आणि खुर्चीतून आलेली प्रत्येक हाक. "उठा आता. पोर रडतंय."

मोठे तपासनीस कसेबसे खुर्चीत पोचले, आणि तिथे पोचल्यावर त्यांना उपाय सुचला. खुर्चीत त्यांना हल्ली उपाय फार चटकन सुचत. त्यांनी फोन उचलला.

धाकटा आला. लंगडत आला, पण आला. व्यायाम गटाला सुट्टीच्या दिवशीही नाही म्हणता येत नाही. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो चुपचाप दिवाणखान्याच्या मधोमध हातापायांवर उभा राहिला, त्याच्या पिंढऱ्या तशाही थरथरत होत्याच. मुलीने लेकीला त्याच्या पाठीवर बसवलं. घोडा निघाला. टेबलाखालून गेला, पलंगाला वळसा घालून आला, दारापाशी चौखूर उधळला आणि असा काही खिंकाळला की नातीचं रडं कुठल्या कुठे पळालं. मोठे तपासनीस आरामखुर्चीतून टाळ्या वाजवत होते. हिशेब चोख होता. या घरात एक आबा होते, एक घोडा होता आणि नातीला फिरवलं जात होतं.

"पळ!" नात हसत हसत, त्या पाठीवर इवल्या हाताने चापट्या मारत ओरडली. "आबा, पळ! आबा, अजून!"

"ओ," मोठ्या तपासनीसांनी खुर्चीतून ओ दिली.

तिने वळून पाहिलं नाही. ती त्यांना म्हणालीच नव्हती. खुर्चीत उघडलेलं तोंड मग त्यांनी हळूच मिटलं.

साहेबांचं मात्र वर फार वजन पडलं. ठरल्याप्रमाणे ती पद्धत आता घराघरांत लागू झाली आहे. तुम्हाला परिपत्रक मिळालं नसेल, पण ही गोष्ट सुरू झाल्यापासून तुम्ही जागचे हललेले नाही, म्हणजे तुमचा गट ठरलेला दिसतो. आतल्या खोलीतून भांड्यांचा आवाज येतोय तो ऐका जरा. पावलं भराभर इकडून तिकडे जाताहेत. तुमच्याच पारड्याची ती भरपाई चालली आहे. छे छे, उठू नका. काटा हलेल.